स्वररंग (नादजाती)

एकाच पट्टीतला, तेवढ्याच जोराचा षड्ज बासरीतून काढला आणि सारंगीतून काढला, तरी कान दोन्ही चटकन वेगळे ओळखतो. हा वेगळेपणा ज्या गुणामुळे जाणवतो त्याला नादाची जाती किंवा स्वररंग म्हणतात. नादाची उंची आणि तीव्रता एकेका आकड्यात मांडता येते. रंगाचे तसे नाही, कारण तो अनेक गोष्टींच्या मिश्रणातून घडतो.

छेडलेली तार मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानेही कंप पावत असते. या उपस्वरांपैकी कोणता किती प्रबळ आहे यावर रंग अवलंबून असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1863 च्या ग्रंथात सविस्तर मांडले. क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांत विषम क्रमांकाचे (तिप्पट, पाचपट अशा वेगांचे) उपस्वर वरचढ असतात, म्हणून तो आवाज पोकळ वाटतो. पण रंगाचा हिशेब उपस्वरांवर संपत नाही. स्वर कसा सुरू होतो आणि कसा विरतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. ध्वनिमुद्रणातून पियानोच्या स्वराचा सुरुवातीचा आघात कापून टाकला, तर तो पियानो आहे हे ओळखणेच अवघड जाते.

भारतीय संगीतात या विषयाचा सर्वांत चांगला धडा तंबोऱ्यात मिळतो. त्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका बाक असतो. तार त्या बाकावर घासत कंप पावते आणि वरचे उपस्वर उजळून निघतात. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा साधली की तंबोरा ‘बोलू’ लागतो. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली: तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्यांचा निस्पंद (कंप न पावणारा बिंदू) येतो ते उपस्वर नियमानुसार उमटायला नकोत, तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. खर्जाच्या (खालच्या षड्जाच्या) तारेतून न लावलेला गांधार ऐकू येतो तोही असाच, तिचा पाचवा उपस्वर म्हणून. जवारी खुली (उपस्वर उजळ) ठेवायची की बंद (उपस्वर दबलेले), हे गायकाच्या गळ्यावर ठरते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवणारे कारागीर ही घोडी कानाने ऐकत, कानशीने घासत जुळवतात. पंढरपूर परिसरातल्या भोपळ्यांवर उभ्या राहिलेल्या या धंद्यातल्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन वाद्याला मिळाले खरे. पण जपायला हवा तो हा कान.

तबल्यात तर रंगालाच भाषा मिळाली आहे. ‘ना’ आणि ‘तीं’ एकाच पुडीतून (तबल्याच्या कातडी तोंडातून) निघतात. हाताची जागा बदलते, उपस्वरांचे प्रमाण बदलते, आणि त्या फरकाला बोलाचे नाव मिळते. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर परस्परांशी सुसंवादी नसतात. पुडीवरच्या काळ्या लेपाच्या, म्हणजे शाईच्या, वजनामुळे ते सुरात येतात, हेही रामन यांनी सहकाऱ्यासह 1920 मध्ये दाखवले होते. गळ्यात हेच काम तोंडाची पोकळी करते: आकार, इकार, उकार म्हणजे एकाच स्वराचे वेगवेगळे रंग.

पाश्चात्त्य संगीतात रंग हा रचनेचाच विषय झाला. ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्ग यांच्या 1909 च्या वाद्यवृंदरचनेच्या एका भागात स्वरसंघात (एकत्र वाजणारे स्वर) जवळजवळ स्थिर राहतो आणि वाद्ये मात्र बदलत जातात. आपल्याकडे अशी रचना रुजली नाही. एकट्या गायकाभोवती मैफल बांधलेली असताना तिची गरजही फारशी भासली नसावी.

स्वरांना डोळ्यांना दिसणारे रंग बहाल करण्याची परंपरा याहून निराळी आहे. नारदीय शिक्षा या प्राचीन संस्कृत ग्रंथात षड्ज कमळाच्या पानासारखा, गांधार सोन्यासारखा, पंचम काळा आणि निषाद सर्व रंगांचा सांगितला आहे. रशियन संगीतकार स्क्रिआबिन यांनी 1910 मध्ये पूर्ण केलेल्या रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली. त्यांना सी मेजर ही पाश्चात्त्य स्वरपट्टी लाल वाटे, त्यांचेच देशबांधव रिम्स्की-कोर्साकोव्ह यांना पांढरा. डी मेजर पिवळा, याबाबत मात्र दोघांचे एकमत होते. एका देशातल्या, एका काळातल्या दोन जाणकारांत इतकी तफावत पडते, तेव्हा अशा जोड्यांना व्यक्तीची आणि परंपरेची कल्पना मानणेच रास्त. त्यांच्यावरून नादाच्या जातीबद्दल काही सिद्ध होत नाही.