दोन पासपोर्ट, दोन नावं: हा पेच आला कुठून?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात कोणी ‘माझ्याकडे दोन पासपोर्ट आहेत’ म्हणालं, तर त्याचे निदान तीन अर्थ निघतात. माहेरच्या नावाचा रद्द झालेला भारतीय पासपोर्ट, त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा अजून चालू, आणि सोबत सासरच्या नावाचा नवा पासपोर्ट, हा पहिला अर्थ. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर मिळालेला पासपोर्ट आणि कपाटात तसाच राहिलेला भारतीय पासपोर्ट, हा दुसरा. कॅनडा आणि ब्रिटन अशा दोन देशांचं नागरिकत्व एकाच वेळी असलेल्या माणसाचा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्यात बेकायदा काही नाही. दुसरा प्रकार मात्र थेट गुन्ह्याच्या कलमापर्यंत जाऊ शकतो. तिन्हींत नावं वेगळी असू शकतात, आणि लोक घाबरतात ते नावालाच. वास्तविक नाव बदलणं हा गुन्हा नव्हे. अडतं ते दोन नावांना जोडणारा कागद हाताशी नसला की.

नावं बदलायची आपली रीत पासपोर्टपेक्षा कितीतरी जुनी आहे. बडोद्याचंच उदाहरण घ्या. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक आले आणि सयाजीराव झाले. तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई त्यांच्याशी लग्न होऊन आली, ती चिमणाबाई झाली. तिच्या निधनानंतर १८८५ मध्ये देवासच्या घाटग्यांची गजराबाई आली, तीही चिमणाबाईच. राजवाड्यातली ही तऱ्हा, तर चाळीतली काय सांगावी? मराठी नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नात मुलीचे शेवटचे दोन बदलतात आणि बऱ्याच घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलंही नवं लिहिलं जातं. म्हणजे तिन्ही शब्द नवे. बाहेरच्या अधिकाऱ्याला ही एकच बाई आहे हे नुसतं वाचून कळायला काही वाव नाही.

त्यावर बडोद्याची आणखी एक भानगड. गुजराती शाळेच्या हजेरीपटात आणि दाखल्यात आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. त्यातही ‘प्रकाश’चा ‘प्रकाशभाई’ होतो, आईच्या नावाला ‘बेन’ लागतं, तर घरच्या जुन्या कागदांत तेच आजोबा ‘राव’ असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘कुलकर्णी स्नेहा प्रकाशभाई’, पदवीवर ‘स्नेहा प्रकाश कुलकर्णी’, आधारवर तिसरंच. ‘गायकवाड’ हे आडनावसुद्धा इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं. पासपोर्ट काढताना यातला कुठला कागद पुढे केला, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

पासपोर्ट ही वस्तू सगळ्यांना सक्तीची झाली ती पहिल्या महायुद्धात. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, तो त्याआधीचा काळ. युद्ध संपल्यावर सक्ती उठेल असं वाटलं होतं, ती उठली नाही. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला. बडोद्याची प्रजा ही संस्थानाची प्रजा, त्यामुळे पासपोर्टवर तिचा दर्जा ‘ब्रिटिश प्रजा’ नसून ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ असा. त्या पुस्तिकेत धारकाच्या शेजारी पत्नीसाठी रकाना असे. बायको नवऱ्याच्याच पुस्तिकेवर प्रवास करू शके. तिचं माहेरचं नाव काय होतं हा प्रश्नच मग निघत नसे.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं पासपोर्ट देणं-न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. आजही तोच लागू आहे. मात्र पुस्तिका हातानेच लिहिली जायची. कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिलेलं नाव सीमेवरचा दुसरा कारकून डोळ्यांनी वाचायचा. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं, तर माणूस समोर उभा असे, विचारता येई.

ही सवलत यंत्राने काढून घेतली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये यंत्राने वाचायच्या पासपोर्टचं प्रमाण प्रसिद्ध केलं. फोटोच्या पानाच्या तळाशी ज्या दोन ओळी दिसतात त्या यातूनच आल्या. प्रत्येक ओळीत ४४ जागा. वरच्या ओळीतल्या पहिल्या पाच जागा कागदाचा प्रकार आणि देश यांत जातात, नावासाठी उरतात ३९. त्यात आधी आडनाव, मग दोन बाणचिन्हं, मग बाकीची नावं, प्रत्येक दोन शब्दांत एक बाणचिन्ह. फक्त मोठी इंग्रजी अक्षरं; टिंब, जोडरेघ काही चालत नाही. खालच्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे एकेक पडताळणीचा अंक असतो. प्रत्येक जागेच्या किमतीला क्रमाने ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची, दहाने भागून बाकी लिहायची. एक आकडा चुकला तर यंत्र लगेच अडतं.

नावाला असा पडताळणीचा अंकच नाही. नाव चूक की बरोबर हे यंत्राला कळत नाही. ते फक्त पासपोर्टवरचं नाव तिकिटावरच्या नावाशी, व्हिसावरच्या नावाशी अक्षराला अक्षर लावून बघतं. आणि या नमुन्यात खाने दोनच: आडनाव आणि बाकीचं. आपलं तीन पदरी नाव त्यात कोंबताना वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या खान्यात जाऊन बसतं. ‘स्नेहा प्रकाश’ हे यंत्राच्या दृष्टीने तिचं स्वतःचंच नाव. लग्नानंतर ‘स्नेहा रोहित’ झालं, की फक्त आडनाव नव्हे, पहिलं नावही बदललं. पाश्चात्त्य देशांच्या लग्नोत्तर नावबदलाच्या सूचना आडनावापुरत्या विचार करून लिहिलेल्या असतात. आपल्याकडच्या मुलींना दोन्ही खान्यांचा खुलासा द्यावा लागतो तो यामुळे.

भारतात यंत्राने वाचता येणारे पासपोर्ट २००१ पासून मिळू लागले. हाती लिहिलेल्या, वीस वर्षं मुदतीच्या पुस्तिका तरीही चालत राहिल्या. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर त्या जगभर बाद ठरल्या. त्या वेळी ज्यांनी जुनी पुस्तिका देऊन नवी घेतली, त्यांपैकी अनेकांची नावं पहिल्यांदाच दोन खान्यांत कापली गेली.

सीमेवरचा अधिकारी हा तसा शेवटचा माणूस. त्याच्याआधी विमान कंपनीचा काउंटर लागतो, आणि बहुतेक रडगाणी तिथलीच. योग्य कागद नसलेला प्रवासी आणला तर दंड कंपनीला, असा कायदा ब्रिटनने १९८७ मध्ये केला. दंड माणशी हजार पौंड, पुढे दोन हजार. इतर देशांतही असे दंड आले. तेव्हापासून काउंटरवरची मुलगी आपल्याला हसून नमस्कार करते खरी, पण तिच्या मनात हिशेब दंडाचा असतो. अमेरिकेने २००९ पासून टप्प्याटप्प्याने प्रत्येक प्रवाशाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग ही माहिती उड्डाणाआधी मागायला सुरुवात केली. तिकिटाच्या प्रणालीत तर नावं चिकटवूनच लिहितात: आडनाव, तिरकी रेघ, मग पहिलं आणि मधलं नाव सलग, शेवटी ‘मिस’ किंवा ‘मिसेस’सुद्धा त्यालाच जोडलेलं. त्याला घाबरायचं कारण नाही, ते सर्वांचंच तसं दिसतं. आडनाव आणि पहिलं नाव उलट्या खान्यांत गेलं असेल, तर मात्र निघायच्या आधीच दुरुस्त करून घ्यावं.

आता नागरिकत्व. १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं, की भारतीय नागरिकत्व त्या क्षणी आपोआप जातं. अर्ज, आदेश, नोटीस काही लागत नाही. पुस्तिकेवर पाच वर्षं मुदत शिल्लक दिसत असली तरी ती आता भारतीय नागरिकाची पुस्तिका राहत नाही. १९९३ मध्ये पासपोर्ट कायद्यात भर पडली: भारताचा नागरिक नसताना राष्ट्रीयत्व दडवून पासपोर्ट मिळवणाऱ्याला एक ते पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड. ‘जाताना भारतीय दाखवायचा, उतरताना अमेरिकन’ अशी युक्ती नात्यागोत्यात अजून सांगितली जाते. नाव वेगळं असलं की पकडले जाणार नाही असंही त्यात असतं. बोटांचे ठसे आणि चेहरा नावाबरोबर बदलत नाहीत, एवढं सांगणाऱ्याला सुचत नाही.

परदेशी नागरिक झालेल्यांसाठी मधला मार्ग निघाला तो ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाचा. जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात त्याची सुरुवात झाली. पहिल्या काळात कार्डाबरोबर आजन्म व्हिसाचं स्टिकर पासपोर्टमध्येच चिकटवलेलं असे. तो परदेशी पासपोर्ट संपला तरी स्टिकरसाठी जपून न्यावा लागे. मधल्या काळात लग्न झालेलं असलं, की झाले दोन नावांचे दोन पासपोर्ट. २०२१ मध्ये जुनी पुस्तिका बरोबर ठेवायची अट गेली. चालू पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. पण ही सवलत पासपोर्ट क्रमांक बदलल्यापुरती आहे. नाव बदललं असेल तर कार्डही नव्या नावाने करून घ्यावं लागतं. भारतीय पासपोर्ट परत करून २०१० पासून मिळणारा दाखला घेतानाही हेच: पुस्तिकेवर माहेरचं आणि परदेशी कागदावर सासरचं नाव असेल, तर मध्ये विवाह नोंदणीचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश लागतो.

विवाह नोंदणी गुजरातेत पूर्वी कोणी मनावर घेत नसे. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची करायला सांगितली आणि राज्याचा कायदाही त्याच वर्षीचा. त्याआधी लग्न झालेल्यांकडे पुष्कळदा फक्त लग्नपत्रिका आणि फोटो असतात. त्यांनीही आता नोंदणी करून घेणं बरं. दाखल्यावर लग्नापूर्वीचं पूर्ण नाव पासपोर्टमध्ये आहे त्याच स्पेलिंगने आलं पाहिजे. जोडायचा कागदच तिसऱ्या स्पेलिंगचा निघाला तर त्याचा उपयोग शून्य.

जुन्या पुस्तिकेत अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर तो फाडून किंवा सोलून काढू नये. पानाला इजा झाली की व्हिसा बाद. पासपोर्ट कार्यालय रद्द करताना कोपरा कापतं आणि शिक्का मारतं, त्याने व्हिसा जात नाही. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. दोन पुस्तिका एकाच व्यक्तीच्या आहेत याचा तो सरकारी पुरावा. नवी पुस्तिका हाती येताच तो क्रमांक ताडून बघावा. नाव तेच असेल तर दोन्ही पासपोर्ट घेऊन निर्धास्त जाता येतं. नाव बदललं असेल तर नवा व्हिसा घ्यावा, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याचाच सल्ला आहे. तोवर जायचंच असेल, तर तिकीट नव्या पासपोर्टच्या नावाने, आणि विवाहाचा दाखला मूळ प्रतीत व इंग्रजीत, हातातल्या बॅगेत. ब्रिटनमध्ये व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. तिथे नवा पासपोर्ट क्रमांक आणि नवं नाव खात्यात भरल्याशिवाय काउंटरवर परवानगी दिसतच नाही.

खरोखर दोन देशांचे नागरिक असलेल्यांना वेगळी शिस्त. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत येताना-जाताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा असा तिथला कायदा आहे. कॅनडाने विमानाने येणाऱ्या आपल्या नागरिकांना नोव्हेंबर २०१६ पासून, आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०२६ पासून तसंच बांधून घेतलं. ब्रिटन तर आणखी पुढे जातं: दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर वेगळं नाव असेल तर आधी ते जुळवून आणा म्हणतं. जिथे जुळवणं शक्य नसतं, तिथे ‘या नावानेही ओळखले जातात’ अशी नोंद करता येते. अशा प्रवाशाने तिकिटावर जिथे उतरायचं त्या देशाच्या पासपोर्टवरचं नाव घालावं आणि काउंटरवर दोन्ही पुस्तिका स्वतःहून दाखवाव्यात.

नव्या लग्नाच्या जोडप्यांचं एक नेहमीचं. हनीमूनचं तिकीट हौसेने नव्या नावाने काढतात, पासपोर्ट मात्र जुनाच असतो. पासपोर्टसाठी नाव बदलायची सक्ती नाही. माहेरचं नाव ठेवूनही नवऱ्याचं नाव पतीच्या रकान्यात घालता येतं. बदलायचंच असेल तर व्हिसा लागलेला प्रवास जुन्या नावावर उरकून यावं, मग बडोद्याच्या सेवा केंद्रात ‘री-इश्यू’चा अर्ज भरावा, आणि पॅन, आधार, बँक त्याच महिन्यात त्याच स्पेलिंगवर आणावं.