पोर्ट आणि पिक लाइन: फरक छाती-दंडाचा नाही

“छातीत बसवतात तो पोर्ट आणि दंडात बसवतात ती पिक लाइन” हे वाक्य कोल्हापुरात केमोथेरपीच्या वॉर्डबाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना इतक्या खात्रीने सांगतात की, परिचारिका म्हणून ते खोडून काढता काढता मी थकून गेले आहे. दोन्ही केमोची औषधे मोठ्या नीलेत सोडण्याच्या वाटा आहेत: पोर्ट म्हणजे कातडीखाली बसवलेली डबी आणि तिची नळी, तर पिक लाइन म्हणजे एक टोक बाहेर राहणारी लांब नळी. पोर्ट दंडातही बसवता येतो. शिवाय दोन्हींच्या नळीचे आतले टोक एकाच ठिकाणी, हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत पोहोचते, कारण तिथल्या वेगवान रक्तप्रवाहात जहाल औषध लगेच पातळ होते. हाताच्या बारीक शिरेतून दिल्यास तेच औषध शीर जाळते. सलाईनची साधी सुई सर्वांच्या परिचयाची असल्याने तिच्याविषयी वेगळे लिहीत नाही.

पिक लाइन कोपराच्या वरच्या शिरेतून सोनोग्राफीच्या मदतीने सरकवतात. तिला चिरा लागत नाही, पण तिचे शेपूट कायम बाहेर राहते. पोर्टसाठी सहसा मानेतल्या शिरेत सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी अशा क्रमाने वाट करतात. मग गळपट्टीच्या हाडाखाली जागा बधिर करून छोटा चिरा देतात, कातडीखाली खिसा करतात, त्यात साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी डबी बसवून ती नळीला जोडतात आणि वरून टाके घालतात.

खरा फरक या टाक्यांमध्ये आहे. जखम भरली की पोर्टवर अखंड कातडी असते, त्यामुळे जंतूंना वाट उरत नाही. राधानगरीच्या एक आक्का जखम भरून कित्येक आठवडे झाले तरी छातीला प्लॅस्टिक गुंडाळून आंघोळ करत होत्या आणि त्याच आठवड्यात पिक लाइन असलेले एक मामा पंचगंगेत बुडी मारून आले होते. दोघांनी एकमेकांचे नियम पाळले होते. पिक लाइनचे ड्रेसिंग आठवड्याला बदलावेच लागते, ते कोरडेच ठेवावे लागते आणि त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नसतो. वापरात नसलेल्या पोर्टला मात्र साधारण महिन्याने एकदा फ्लश, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून द्रव सोडून धुणे, पुरतो.

तथापि औषध देण्यासाठी कातडीतून पोर्टमध्ये टोचलेली सुई असेपर्यंत तोही बाहेरून उघडा असतो, आणि सुशिक्षित घरांतही नेमके हेच विसरले जाते. काही आतड्याच्या कर्करोगांत ४६ तासांचा औषधाचा पंप लावून रुग्णाला घरी पाठवतात. तेवढे दोन दिवस पोर्टवाल्यानेही पिक लाइनवाल्याप्रमाणेच जपले पाहिजे. ड्रेसिंग भिजले, सुई हलली, जळजळ झाली किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करावा.

काही आठवड्यांचेच उपचार असतील तर पिक लाइन पुरेशी आहे, कारण ती काढायला शस्त्रक्रिया लागत नाही. चंदगडहून सहा महिने ये-जा करायची असेल, घरी म्हशी असतील आणि धारा काढायच्या असतील, तर जास्त खर्च सोसूनही मी पोर्टच सुचवीन.

पोर्टला ह्युबर सुईच लागते, या बाबतीत मी कोणाचेच ऐकत नाही. तिचे टोक असे वळवलेले असते की डबीवरच्या सिलिकॉनचा तुकडा न कापता ती आत शिरते आणि तळाला टेकल्याचे बोटांना स्पष्ट जाणवते. साध्या सुईने तेच सिलिकॉन खरवडले जाऊन डबी गळू लागते. म्हणून गावातल्या दवाखान्यात ह्युबर सुई नसेल, तर साधे सलाईन हाताच्या शिरेतूनच लावून घ्यावे आणि पोर्टला हात लावू देऊ नये.