अमेरिकेचे दोन घोडे : एक शिकारीचा, एक स्वारीचा

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या माळावर मस्टँगचे, म्हणजे तिथे मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांचे, कळप उधळताना दिसले की हे हिमयुगातल्या अमेरिकन घोड्यांचेच वंशज असावेत असं वाटतं. घोड्याचं कूळ मूळचं उत्तर अमेरिकेतलं आहे, हेही खरं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे त्याचे कुत्र्याएवढे पूर्वज तिथेच सापडतात. पुढे अलास्का-सैबेरिया जोडणाऱ्या भूपट्ट्यावरून घोडे आशियात गेले. मागे राहिलेले मात्र संपले.

त्या जुन्या घोड्याशी तिथल्या माणसाचं नातं मांसापुरतं होतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, सेंट मेरी जलाशयात वॉलीज बीच म्हणून जागा आहे. पाणी ओसरल्यावर तिथे सात घोडे आणि एका उंटाची हाडं मिळाली. (होय, उंटही मूळचे अमेरिकेचेच.) हाडांवर कापल्याच्या खुणा आणि आसपास दगडी हत्यारं होती. काळ सुमारे १३,३०० वर्षांपूर्वीचा. खोगीर-लगामाचा मागमूसही नाही.

मग या शिकाऱ्यांनीच घोडे संपवले का? सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही. घोडे मारल्याच्या अशा पक्क्या जागा उत्तर अमेरिकेत फारच थोड्या आहेत. शिवाय त्याच सुमारास हवा उबदार आणि दमट होत होती; उत्तरेकडची कोरडी कुरणं जाऊन तिथे झुडपं आणि दलदल आली. चारा आटलेल्या कळपांना भाल्यांनी आणखी खिळखिळं केलं असेल, एवढंच म्हणता येतं.

मस्टँगचे पूर्वज जहाजातून आले. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून माणसाळलेले घोडे जगभर पसरू लागले. त्यांतलेच काही १४९३ मध्ये कोलंबसने कॅरिबियन बेटांवर उतरवले आणि १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसने मेक्सिकोत. पळालेले, चोरलेले, विकलेले घोडे उत्तरेकडे सरकत गेले. कोमांची किंवा लकोटा या मूळ अमेरिकन जमातींतल्या स्वाराचं सिनेमातलं चित्र इतकं अलीकडचं आहे.

१९७१ च्या कायद्याने अमेरिकेत मस्टँगला संरक्षण मिळालं. तरी गुरं पाळणारे कुरकुरतात की हा परका प्राणी आमचा चारा खातो. त्याच्या आजोबा-पणजोबांनी खोगीर वाहिलं होतं, म्हणून तो जंगली नव्हे, मोकाट सुटलेला, हे मान्य. पण ‘परका’ म्हणण्यात अडचण आहे. प्राचीन डीएनए सांगतो की भूपट्टा उघडा असताना दोन्ही खंडांतल्या घोड्यांचा संकर होत होता.