ब्रह्मा कोंबडीच्या नावात ब्रह्मपुत्रा आली कुठून?

ब्रह्मा कोंबडी म्हटलं की आपल्याला वाटतं ही आपल्याकडचीच असणार, नावच तसंय ना. पण हे नाव म्हणजे चक्क अमेरिकन दुकानदारी आहे.

झालं असं की अफूच्या पहिल्या युद्धानंतर 1842 च्या तहाने शांघाय बंदर इंग्रजांना खुलं झालं आणि तिथून पायावर पिसं असलेल्या दांडग्या कोंबड्या जहाजाने इंग्लंड-अमेरिकेत जायला लागल्या. एवढाले कोंबडे तिकडे कुणी बघितलेच नव्हते, त्यात राणी व्हिक्टोरियाने स्वतः पूर्वेकडच्या मोठ्या कोंबड्या पाळलेल्या, मग काय विचारता! 1849 ला बोस्टनमध्ये प्रदर्शन भरलं आणि लोक अक्षरशः येडे झाले, ह्या खुळाला नावच पडलं 'कोंबडीताप'.

वाहत्या गंगेत हात धुतले जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने. 1852 ला त्याने राणीला नऊ पक्षी भेट पाठवले, फुकटात जाहिरात झाली, आणि 1855 ला ह्याच तापाची टिंगल करणारं पुस्तकही त्यानेच लिहिलं (बेरकी माणूस!). तेव्हा ह्याच पक्ष्यांना कुणी शांघाय म्हणे, कुणी चितगाव (आताच्या बांगलादेशातलं बंदर), कुणी ब्रह्मपुत्रा. शेवटी ब्रह्मपुत्रा चाललं आणि बोलता बोलता त्याचं नुसतं ब्रह्मा झालं.

आता चितगाव अगदीच थाप नसावी, कारण शांघायवाल्यांना साधा एकेरी तुरा आणि ब्रह्माला तीन ओळींचा बुटका तुरा, जो चितगावकडच्या जातींमधून आला असं मानतात. पण चितगाव तर कर्णफुली नदीवर आहे, ब्रह्मपुत्रेचा संबंध काय?

1874 ला अमेरिकन स्टँडर्डमध्ये (म्हणजे तिकडच्या कोंबड्यांच्या जातींची अधिकृत यादी) लाइट आणि डार्क हे दोन रंग घेतले, बफ म्हणजे पिवळसर रंग आला 1924 ला. कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास, कोंबडी सव्वाचार. 1930 च्या आसपासपर्यंत अमेरिकेत ही मुख्यतः मांसासाठीच पाळायचे, मग झटपट वाढणाऱ्या जाती आल्या आणि ही शोभेची म्हणून परसात जाऊन बसली.

परसात पाळायला खरं तर सोपी, स्वभावाने गरीब, उडता येत नाही म्हणून कुंपण बुटकं चालतं. फक्त बसायची दांडी खाली ठेवा, एवढं वजन घेऊन उंचावरून उडी मारली की पाय दुखावतात. आणि मूळची थंडीला सोसणारी असल्यामुळे आपल्या उन्हाळ्यात सावली-पाणी लागतंच, पण कोकणातल्या पावसात पायाच्या पिसांना चिखलाचे गोळे लागतात ना, तो वैताग जास्त, तेव्हा खुराड्यात कोरडा भुसा हवाच.