बिरॅकच्या 'बिग' ग्रँटला अर्ज टाकायचा का? आधी हे बघा

जानेवारी नाहीतर जुलै जवळ आला की हमखास कोणीतरी विचारतं, आयडिया आहे, बिगला टाकू का? बिग म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाखाली बिरॅक ही सरकारी संस्था आहे त्यांची स्कीम, जास्तीत जास्त ५० लाख, १८ महिन्यांसाठी, आणि हे कर्ज नाही की कंपनीत हिस्सा मागत नाहीत, मग गर्दी होणारच. कॉल, म्हणजे अर्ज मागवण्याची जाहिरात, वर्षातून दोनदा निघतो, १ जानेवारी आणि १ जुलैला, साधारण दीड महिना चालू असतो.

टाकायचं की नाही ते कसं ठरवायचं? १८ महिन्यांनी नेमकं काय दाखवणार ते आकड्यासकट एका वाक्यात लिहून बघा. समजा दुधातला युरिया ओळखणारी पट्टी बनवायचीय. 'शेतकऱ्यांचा फायदा होईल' असं लिहिलंत तर अर्ज तपासणारं तज्ज्ञांचं पॅनल पुढचं पान उलटणार. संकलन केंद्रावरचे ५०० नमुने, लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघितले, त्यातले किती बरोबर आले पाहिजेत, असं लिहिता आलं तर पुढे जा. नाही आलं तर हा कॉल सोडा, चार महिने घरच्या पैशाने छोटे प्रयोग करा आणि पुढच्याला या, त्यात कमीपणा काही नाही. ही ग्रँट आयडिया चालते हे सिद्ध करण्यासाठी आहे. प्रॉडक्ट तयार आहे, फक्त विकायला पैसे हवेत, असं असेल तर ही जागा नाही, आणि नुसता रिसर्च पेपर काढायचा असेल तरी नाही.

आता पात्रता. एकटा माणूस पण अर्ज करू शकतो, भारतीय नागरिक हवा, पण निवड झाली तर कंपनी काढावी लागते आणि इन्क्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना जागा, लॅब देणारी संस्था) जागा घ्यावी लागते. नोकरीत असाल तर हा मुद्दा घरी बोलून घ्या, कारण खरी गाडी इथेच अडते. कंपनी आधीच असेल तर निदान ५१ टक्के शेअर भारतीय नागरिकांकडे हवेत, कंपनी फार जुनी नको, आणि स्वतःची चालू लॅब नाहीतर इन्क्युबेटरशी करार हवा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) चालते, प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) चालत नाही.

कागदपत्रं म्हणजे इन्कॉर्पोरेशन (कंपनी नोंदणीचं) सर्टिफिकेट, सीएने किंवा सीएसने (कंपनी सेक्रेटरी) सही केलेला शेअरहोल्डिंगचा तक्ता (बिरॅकच्याच फॉरमॅटमध्ये, सीएच्या लेटरहेडवर आपल्या मनाने बनवलेला नको), इन्क्युबेशनचा करार. शेअरहोल्डरांच्या पासपोर्टच्या कॉपी पण मागतात, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून, आणि कुणाचा पासपोर्ट संपलेलाय हे लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतं.

अर्ज बिरॅकच्या पोर्टलवर ऑनलाइन. त्यात एक बिग पार्टनर, म्हणजे बिरॅकसाठी ही स्कीम राबवणारी संस्था, निवडावा लागतो, आपल्याकडे पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे, बाहेर बंगळुरूचं सी-कॅम्प, हैदराबादचं आयकेपी वगैरे. आधी छाननी, मग तज्ज्ञ वाचतात, मग प्रेझेंटेशन, त्यातून निघालात तर कंपनीची आणि जागेची तपासणी. पैसे एकदम येत नाहीत, ठरलेलं काम दाखवलं की पुढचा हप्ता. म्हणून बजेट लिहिताना पहिल्या हप्त्यात कुठलं मशीन घ्यावंच लागेल ते आधी ठरवा आणि त्याचं कोटेशन आत्ताच मागवून ठेवा.