नॅकचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि बलस्थाने-उणिवांचे पान

नॅक, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून मान्यता देणारी राष्ट्रीय परिषद. तिच्याकडे अर्ज करायचे ठरले की बहुतेक महाविद्यालयांत सात निकषांच्या सात समित्या होतात, फाइलींना रंगीत पुठ्ठे चढतात आणि बलस्थाने, उणिवा, संधी, आव्हाने हे पान शेवटच्या आठवड्यात कुणातरी इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे जाते. त्यातून 'निसर्गरम्य परिसर, अनुभवी शिक्षकवर्ग, ग्रामीण विद्यार्थी' असा मजकूर तयार होतो. हे पान खरे तर सगळ्यात आधी कच्चे लिहायचे असते. महाविद्यालय कुठे भक्कम आहे आणि कुठे लंगडते हे आकड्यांवरून आधी कळले, तर अर्ज आत्ता करायचा की वर्षभर थांबायचे हेही त्यातूनच ठरते.

खालची माहिती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांसाठी आहे. ती आजवरच्या श्रेणी-पद्धतीच्या चौकटीवर आधारलेली आहे. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनंतर नॅकने जानेवारी २०२४ मध्ये नवी पद्धत जाहीर केली. तीत आधी 'मान्यता आहे की नाही' एवढाच निर्णय आणि नंतर १ ते ५ असे स्तर आहेत. तिची अंमलबजावणी लांबत गेली. म्हणून अर्जाच्या दिवशी नॅकच्या पोर्टलवर जी पुस्तिका आणि जे शुल्कपत्रक असेल तेच डाउनलोड करून समोर ठेवावे. शेजारच्या महाविद्यालयाची तीन वर्षांपूर्वीची फाइल नमुना म्हणून वापरू नये. पद्धत कोणतीही आली तरी पाच वर्षांची माहिती आणि तिचे पुरावे लागतातच.

पात्रता

महाविद्यालयातून विद्यार्थ्यांच्या किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असाव्यात किंवा स्थापनेला सहा वर्षे झालेली असावीत. यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरतात. विद्यापीठाची संलग्नता चालू असावी. बी.एड., विधी, फार्मसी असे अभ्यासक्रम असतील तर त्या त्या नियामक परिषदेची मान्यता चालू वर्षापर्यंतची हवी. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात, म्हणजे ज्याला आपण 'आयशे' म्हणतो त्यात, नोंदणी आणि संकेतांक असल्याशिवाय पोर्टलवर खातेच उघडत नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी, कधी स्थापन झाला ती तारीखही अर्जात विचारतात. दुसऱ्या किंवा पुढच्या फेरीसाठी मधल्या वर्षांचे वार्षिक गुणवत्ता अहवाल भरलेले असावे लागतात. ते राहिले असतील तर आधी ते भरा.

पुढच्या फेरीचा अर्ज चालू मान्यतेच्या शेवटच्या सहा महिन्यांत करायचा असतो. मान्यता साधारणपणे पाच वर्षांची असते.

अर्जाचे टप्पे

पहिला टप्पा प्राथमिक माहितीच्या अर्जाचा, म्हणजे आयआयक्यूएचा. त्याचे शुल्क परत न मिळणारे. त्रुटी काढून अर्ज फेटाळला तर त्याच शुल्कात वर्षभराच्या आत आणखी दोनदा सादर करता येतो. फेटाळण्याची कारणे सहसा साधी असतात: संलग्नतेच्या पत्रात महाविद्यालयाचे नाव एक आणि आयशेवर दुसरे, अभ्यासक्रमांची यादी विद्यापीठाच्या पत्राशी न जुळणारी, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या २(एफ), १२(बी) या कलमांखालील मान्यतेचे पत्र अस्पष्ट स्कॅन केलेले. संस्थेचे नाव बदलले असेल तर विद्यापीठाचे नामबदलाचे पत्र जोडावे, नाहीतर पहिली संधी तिथेच जाते.

हा अर्ज स्वीकारला गेला की स्वयं-अध्ययन अहवाल, म्हणजे एसएसआर, ४५ दिवसांत शुल्कासह सादर करायचा असतो. पाच वर्षांची माहिती ४५ दिवसांत गोळा होत नाही. अहवालाचा मजकूर नव्वद टक्के तयार झाल्यावरच प्राथमिक अर्जाचे बटण दाबावे.

अहवाल गेल्यावर दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. एक, आकडेवारीची पडताळणी, म्हणजे डीव्हीव्ही. दुसरी, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. त्याचे दुवे विद्यार्थ्यांच्या ईमेलवर जातात आणि पटाच्या १० टक्के किंवा १०० विद्यार्थी, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे प्रतिसाद तरी यावे लागतात. नाहीतर त्या मापकाचे, म्हणजे निकषाखाली गुण मोजण्याच्या त्या एका मुद्द्याचे, गुण हातचे जातात. प्रवेशअर्जावर नेटकॅफेवाल्याचा ईमेल दिलेले विद्यार्थी ग्रामीण महाविद्यालयांत कमी नसतात. यादी अपलोड करण्यापूर्वी वर्गावर्गांत जाऊन ईमेल तपासून घ्यावेत.

पडताळणीनंतर संख्यात्मक, म्हणजे आकड्यांवर गुण देणाऱ्या, मापकांत किमान २५ टक्के गुण मिळाले तरच तज्ज्ञ समितीची भेट होते. तिथे अडकले तर सहा महिन्यांनी नवा अर्ज आणि नवे शुल्क. भेट झाल्यावर समितीचा अहवाल, विद्यार्थी सर्वेक्षण आणि संख्यात्मक गुण एकत्र होऊन ४ पैकी सरासरी निघते: ३.५१ आणि वर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, २.७६ ते ३.०० बी प्लस प्लस, २.५१ ते २.७५ बी प्लस, २.०१ ते २.५० बी, १.५१ ते २.०० सी. १.५० किंवा त्याखाली डी, म्हणजे मान्यता नाही.

गुण कुठे आहेत

एकूण १,००० गुण. पदवी महाविद्यालयासाठी अभ्यासक्रम १००, अध्यापन-अध्ययन-मूल्यमापन ३५०, संशोधन व विस्तारकार्य ११०, पायाभूत सुविधा १००, विद्यार्थी साहाय्य १४०, प्रशासन १००, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम १००. पदव्युत्तर वर्ग असतील तर संशोधनाचे १२० आणि विद्यार्थी साहाय्याचे १३० होतात. यांतले साधारण ७० टक्के गुण आकड्यांवर यंत्रणा देते आणि ३० टक्के समिती वाचून, पाहून देते.

म्हणजे अध्यापनाचा निकष एकटाच तिसऱ्या हिश्श्याहून मोठा आहे, आणि त्यातले बरेचसे मजकुराच्या सजावटीने वाढत नाही. तरीही बैठकांतला सगळ्यात जास्त वेळ बागकामावर आणि प्रवेशद्वाराच्या रंगावर जातो, हे पाहिलेले सगळे जाणतात.

आकड्यांवरून उणीव कशी शोधायची

समजा, महाविद्यालयात १,१२० विद्यार्थी आहेत, शिक्षकांची मंजूर पदे २४ आणि पूर्णवेळ भरलेली १४. मंजूर पदांच्या ५८ टक्के भरती आणि एका शिक्षकामागे ८० विद्यार्थी, या दोन्ही गोष्टी अहवालात दिसणारच. इथे तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) सहा-सात शिक्षक मिळवून आकडा फुगवण्याचा मोह होतो. नॅकच्या व्याख्येनुसार पूर्ण शैक्षणिक वर्षभर किमान ९० टक्के कामाचे तास भरणारा शिक्षक पूर्णवेळ. सीएचबीचे नेमणूकपत्र पडताळणीत मागितले की तो आकडा खाली येतो, आणि मग बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

आपल्याकडची आणखी एक हमखास चूक म्हणजे त्याच इमारतीतले कनिष्ठ महाविद्यालय. अकरावी-बारावीचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक, त्यांच्यावरचा खर्च हे काहीच या अहवालात येत नाही. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे विद्यार्थीही नाहीत. लेखापरीक्षण एकत्र होत असेल तर सीएकडून वरिष्ठ महाविद्यालयाचे वेगळे विवरण आधीच करून घ्यावे. पायाभूत सुविधांच्या खर्चात पगार धरायचा नसतो, आणि दाखवलेली रक्कम ताळेबंदातल्या ज्या ओळीतून आली ती ओळ खुणेने दाखवून त्यावर सीएची सही घ्यावी लागते.

वर्षांची गल्लतही नेहमीची. प्रवेश, निकाल, उपक्रम शैक्षणिक वर्षाप्रमाणे. खर्च आर्थिक वर्षाप्रमाणे. शोधनिबंध आणि पुस्तके कॅलेंडर वर्षाप्रमाणे. तीन समित्या तीन वेगळ्या हिशेबांनी तक्ते भरतात आणि शेवटी बेरीज जुळत नाही. एकाच माणसाकडे मूळ तक्ता असावा आणि बाकीच्यांनी त्यातूनच आकडे घ्यावेत. शिक्षकांचेही दोन आकडे लागतात: दरवर्षीचे, आणि पाच वर्षांत प्रत्येकाला एकदाच मोजून आलेले. निवृत्त झालेले आणि त्यांच्या जागी आलेले, दोघेही दुसऱ्या आकड्यात येतात.

राखीव जागांबाबत, राखीव प्रवर्गाचे विद्यार्थी राखून ठेवलेल्या जागांपेक्षा जास्त आले असतील तर जास्तीचे धरले जात नाहीत. खुल्या जागांवर गुणवत्तेने आलेल्यांना तिथे मोजू नये. मूल्यवर्धित अभ्यासक्रम ३० तासांचे तरी हवेत. दोन दिवसांच्या कार्यशाळेला अभ्यासक्रम म्हटले की ती ओळ गळते. नोकरी किंवा उच्च शिक्षणाच्या मापकात प्रत्येक नावामागे नेमणूकपत्र किंवा पुढच्या प्रवेशाचा पुरावा लागतो. हे पुरावे विद्यार्थी गावी गेल्यावर मिळत नाहीत. दाखला देतानाच मागून घेणारी महाविद्यालये या एका मापकात निवांत असतात.

बलस्थाने, उणिवा, संधी, आव्हाने

हे चार भाग अहवालाच्या कार्यकारी सारांशात येतात. संपूर्ण सारांश ५,००० शब्दांच्या आत बसवायचा असतो.

बलस्थान म्हणून तेच लिहावे ज्याचा पुढे एखाद्या मापकात आकडा किंवा दस्तऐवज आहे. 'विद्यार्थिनींना शिक्षणात प्रोत्साहन' यापेक्षा पटावरील मुलींची पाच वर्षांची टक्केवारी आणि त्यांतल्या किती जणींना शिष्यवृत्ती मिळाली, हे लिहावे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या भारत सरकार शिष्यवृत्तीच्या आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेच्या मंजूर याद्या हा पुष्कळ ग्रामीण महाविद्यालयांचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो, आणि तोच अनेकदा कार्यालयाच्या कपाटात पडून राहतो.

उणीव आणि आव्हान यांची सरमिसळ सर्वांत जास्त होते. शासनाची भरती थांबल्याने पदे रिक्त आहेत, हे आव्हान. ते महाविद्यालयाच्या हातात नाही. पण दहा शिक्षकांपैकी पाच जणांनी पाच वर्षांत एकही शोधनिबंध लिहिलेला नाही, ही उणीव. संगणक आहेत आणि प्रयोगशाळा दुपारी दोनला बंद होते, हीही उणीव. सगळा दोष सरकारवर, पावसावर आणि पालकांच्या उत्पन्नावर टाकला तर समितीला दिसते ते एवढेच की महाविद्यालयाने स्वतःकडे पाहिलेले नाही. उलट उणीव मोकळेपणाने लिहून तिच्याखाली काय केले, कधीपासून केले आणि त्याचे इतिवृत्त कुठे आहे हे दिले, तर भेटीत त्याच मुद्द्यावर चर्चा चांगली होते. पाच-सहा उणिवा पुरतात. 'कोणतीही ठळक उणीव नाही' हे वाक्य मात्र कुणीही लिहू नये.

संधी म्हणजे स्वप्ने नव्हेत. जवळची औद्योगिक वसाहत, साखर कारखाना, कृषी उत्पन्न बाजार समिती यांच्याशी करार झाला आहे की होऊ शकतो, आणि कोणत्या विभागाचे विद्यार्थी तिथे प्रकल्पासाठी जातील, इथपर्यंत लिहावे. झालेल्या सामंजस्य करारांचे फोटो पुष्कळ असतात. करारानंतर काय घडले याची यादी नसते, आणि पडताळणीत तीच मागतात.

कच्चा मसुदा आधी महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवावा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे ती समिती असतेच. मग माजी विद्यार्थी, कार्यालयीन कर्मचारी आणि ग्रंथपाल यांना स्वतंत्रपणे वाचायला द्यावा. ग्रंथालयात दिवसाला खरेच किती विद्यार्थी येतात, हे प्राचार्यांपेक्षा ग्रंथपालाला चांगले ठाऊक असते.

कागदपत्रांची तयारी

संलग्नतेची सर्व वर्षांची पत्रे, पदमंजुरी आणि नेमणुकीची मान्यतापत्रे, नेट, सेट, पीएच.डी. प्रमाणपत्रे, विद्यापीठाकडून आलेले निकाल, लेखापरीक्षण अहवाल, शिष्यवृत्ती याद्या, रॅगिंग प्रतिबंध आणि अंतर्गत तक्रार समितीची इतिवृत्ते, ऊर्जा व पर्यावरण लेखापरीक्षण, उपक्रमांचे अहवाल. फोटोवर ठिकाण आणि तारीख उमटलेली हवी.

मराठीतला दस्तऐवज तसाच टाकून चालत नाही. इतिवृत्त, शासन निर्णय, ग्रामपंचायतीचे आभारपत्र, वर्तमानपत्राचे कात्रण यांसोबत प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. पाच वर्षांच्या इतिवृत्तांचा अनुवाद हे एकट्याचे महिनाभराचे काम आहे. त्याची तरतूद सुरुवातीलाच करावी. दस्तऐवज महाविद्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावेत. कुणाच्या तरी खासगी ड्राइव्हचा दुवा दिला आणि तो प्राध्यापक बदलून गेला की पडताळणीच्या दिवशी 'परवानगी मागा' अशी पाटी झळकते. संकेतस्थळाच्या डोमेनचे नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे, तेही पाहून ठेवा.

गुणात्मक मापकाचे, म्हणजे समिती वाचून गुण देते त्या मापकाचे, उत्तर ५०० शब्दांत बसवायचे असते. त्यात पाच वर्षांतले प्रत्येक व्याख्यान कोंबण्यापेक्षा एक प्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवावी.

अर्जाची वेळ निवडताना विद्यापीठाचे निकाल पाहावेत. पाच वर्षे मोजताना पूर्ण झालेले शेवटचे वर्ष धरतात. ज्या वर्षाचा अंतिम निकाल अडकला आहे ते मध्ये आले तर उत्तीर्णांचे प्रमाण भरताच येत नाही. मार्गदर्शन हवे असेल तर यूजीसीची 'परामर्श' आणि राज्याची 'परिस स्पर्श' या योजनांखाली चांगली श्रेणी मिळवलेली महाविद्यालये मदतीला असतात. त्यांच्याकडून स्वतःच्या आकड्यांची एकदा कोरडी तपासणी करून घ्यावी, पडताळणी करणारा विचारील तसे प्रश्न विचारायला सांगून. तयार अहवाल मात्र मागू नये. दोन अहवालांतला सारखा मजकूर लपत नाही.