हाडाची सुई आणि तिचं नेढं

हाडाची सुई मोडते ती बहुधा नेढ्यापाशी. फ्रान्समध्ये मॅग्डेलेनियन काळातल्या, म्हणजे साधारण 17,000 ते 12,000 वर्षांपूर्वीच्या वस्त्यांत अशा सुया सापडतात. काहींवर मोडक्या नेढ्याखाली दुसरं नेढं पाडलेलं दिसतं. सुई आखूड झाली, पण टाकली नाही. एवढी जपणूक का, ते ती घडवायला बसलं की कळतं.

हाड ताजं हवं. त्यात साधारण दोन तृतीयांश खनिज, उरलेलं बहुतेक कोलॅजेन नावाचं प्रथिन. खनिजामुळे हाड कडक होतं, कोलॅजेनमुळे चिवट. उकळून रस्सा काढलेल्या हाडातलं कोलॅजेन कमी होऊन ते ठिसूळ बनतं, उन्हात पडलेल्याला चिरा जातात. घोड्याच्या किंवा रेनडिअरच्या पायाचं, खुराच्या वरचं नळीसारखं हाड उत्तम. ते सरळ असतं आणि त्याची भिंत जाड असते.

ठोकून फोडलं तर हाड वाटेल तसं तडकतं. म्हणून वरचा पापुद्रा खरवडून, चकमकीच्या पात्याने लांबीच्या दिशेने दोन समांतर खाचा पाडायच्या. आतली मज्जेची पोकळी लागेपर्यंत पातं त्याच रेघेवरून ओढत राहायचं. हाड ओलं ठेवलं तर काम हलकं होतं. खाचा पुरत्या खोल होण्याआधी मधली पट्टी उचकटली, की ती अर्ध्यात तुटते.

पट्टी खरवडून झाली की पाणी घालून वालुकाश्मावर घासायची, सहाणेवर चंदन उगाळावं तशी. फक्त फिरवत राहायचं, नाहीतर एक बाजू चपटी होते.

नेढ्याची जागा आधी दोन्हीकडून खरवडून पातळ करायची. मग चकमकीच्या टोच्याने अर्धं भोक एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. म्हणूनच जुन्या सुयांची भोकं डमरूसारखी मध्ये अरुंद असतात. एकाच बाजूने जोर लावला तर पलीकडची कपची उडते. सुई अगदी बारीक करण्याआधीच भोक पाडलेलं बरं, कडेला हाड शिल्लक असतं.

सगळ्याच हत्यारांना एवढा खटाटोप लागत नाही. मज्जेसाठी फोडलेल्या हाडाची एखादी टोकदार ढलपी घासली की आरी तयार. कातडं मऊ करायची घोटणी त्याहून सोपी, कारण ती बरगडीची करतात आणि बरगडी मुळातच लवचीक. फ्रान्समधल्या पेश दे लाझे आणि आब्री पेरोनी इथे निअँडरथल माणसांनी सुमारे 50,000 वर्षांपूर्वी अशा घोटण्या वापरल्या. तिथल्या शिकारीत रेनडिअर जास्त, पण 2020 साली हाडातल्या प्रथिनांची तपासणी झाली तेव्हा घोटण्यांच्या बरगड्या गवा-बायसनच्या कुळातल्या मोठ्या जनावरांच्या निघाल्या.